सरचूला झोपायचं नाही, मिरजकर

मिरजेच्या एका दादांचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालेत, खाली सही केलीये ‘अर्धा घाबरलेला’. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं देते.

“ताई, वय ४६, बँकेत आहे, बीपीची गोळी दोन वर्षं चालू. कॉलेजचे आम्ही चौघं ऑगस्टमधे लडाखला चाललोय. मनालीला भाड्याने बुलेट घ्यायच्या. पहिल्या दिवशी मनाली ते सरचू, दुसऱ्या दिवशी लेह, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला करून नुब्रा, चौथ्या दिवशी पँगाँग, पाचव्याला परत लेह आणि मग दोन दिवसात मनाली. मी ग्रुपवर म्हणलो की लेहला एक दिवस थांबूया का, तर लीडरचं उत्तर आलं, झोपायचंच असेल तर घरीच झोप की म्हाताऱ्या, आणि त्यावर तीन हसणारे इमोजी. बायकोला ‘मनालीला चाललोय’ एवढंच सांगितलंय, जे तसं खोटं नाही. भीती वाटतीये पण हे कुणाला सांगू? जाऊ का नको?”

मिरजकर, नमस्कार. जा. पण हा प्लॅन घेऊन जाऊ नका.

तुम्हाला वाटतंय तुम्ही घाबरट झालात. मला तसं वाटत नाही, तुम्ही बँकेत आहात, आकडे जुळत नाहीत हे तुमच्या पोटाला आधी कळलं एवढंच. चला आकडेच बघू. मनाली साधारण २०५० मीटरवर आहे आणि सरचू ४२९० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात तुमची झोपायची जागा सव्वादोन हजार मीटर वर सरकली. आता उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर काय सांगतात, तर ३००० च्या वर गेलात की रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा फार तर ५०० मीटर वर असावी आणि दर तीनचार दिवसांनी एक रात्र जास्तीची तिथेच काढावी. लक्षात घ्या, हे झोपायच्या जागेबद्दल आहे. दिवसा पासवर जाऊन आलात तर शरीर बऱ्यापैकी सांभाळून घेतं, खरी परीक्षा रात्री असते कारण झोपेत श्वास मंद होतो आणि रक्तातला ऑक्सिजन अजून खाली जातो. म्हणून डोकं रात्री दोनला फुटायला लागतं, दिवसा फोटो काढताना नाही.

आणि सरचूची गंमत, गंमत कसली, सापळाच आहे तो, की तिथून खाली उतरायचं म्हटलं तरी आधी वर चढावं लागतं. मनालीकडे परत फिरलात तर मधे बारालाचा ला ही खिंड, ४८९० मीटर. लेहकडे गेलात तर गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला, मग लाचुलुंग ला पाच हजारच्या वर, आणि शेवटी तंगलंग ला ५३२८. उंची लागलेल्या माणसाचं पहिलं औषध म्हणजे त्याला खाली नेणं, आणि तुम्ही बरोबर अशा खड्ड्यात तंबू ठोकताय जिथून खाली जायला रस्ताच नाही. नकाशावर हे दिसत नाही कारण नकाशा सपाट असतो.

मला हे कसं माहीत, तर मी तिथे झोपलेय. माझी पहिली लडाख ट्रिप २०११ ची, तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांगच्या चिखलात तासन्तास घालवून आम्ही पाच जण अंधार पडता पडता सरचूला पोचलो. डोकं दुखायला दुपारीच सुरुवात झाली होती पण मी एकटीच बाई होते ना ग्रुपमधे, म्हटलं आता बोलले तर आयुष्यभर ऐकावं लागेल. रात्रभर उलट्या केल्या, त्याही तंबूच्या मागे गुपचूप जाऊन. सकाळी मी उजव्या हाताचा ग्लव्ह डाव्या हातात घालत बसले होते आणि तो जात का नाहीये म्हणून त्या ग्लव्हवर चिडत होते. ते एका मित्राने बघितलं, त्याने मला सरळ रेषेत चालून दाखव म्हणून सांगितलं, मला चार पावलं टाकता येईनात. मग एका टॅक्सीवाल्याच्या पाया पडून मला गाडीत घातलं आणि बारालाचा परत ओलांडून जिस्पाला आणलं, संध्याकाळपर्यंत मी राजमा चावल मागून घेतला, इतकं झटकन उतरतं ते खाली आलं की. पण मला आजही जे आठवतं ते वेगळंच आहे. जिस्पाला जेवताना ग्रुपमधला सगळ्यात दांडगा गडी, जो रोज व्यायाम करायचा, तो ताटात बघत म्हणाला की माझं पण डोकं रात्रभर ठणकत होतं, मी वाट बघत होतो कोणीतरी बोलेल म्हणून.

तुमच्या ग्रुपमधे पण असा एक आहे, लिहून देते. कदाचित तो इमोजी टाकणाराच असेल. फिटनेसचा आणि उंची लागण्याचा तसा संबंध नाही, दहा किलोमीटर पळणाऱ्याला लागते आणि पोट सुटलेल्याला लागत नाही असं सर्रास होतं, मागच्या वेळी लागली नाही म्हणून ह्या वेळी लागणार नाही असंही नाही.

आता प्लॅनमधला दुसरा घोळ, जो तुमच्या लीडरना बहुतेक माहीतच नाहीये. मनालीहून भाड्याने आणलेली बाईक घेऊन लेहच्या पुढे नुब्रा, पँगाँग करता येत नाही. लेहच्या बाईकवाल्यांची युनियन बाहेरची भाड्याची गाडी चालू देत नाही, रस्त्यात अडवतात, आणि वाद घालून काही होत नाही. त्यांची पोटं त्या तीनचार महिन्यांवर असतात, मला त्यांचं चूक वाटत नाही. स्वतःच्या नावावरची गाडी असेल तर प्रश्न नाही. म्हणजे तुमच्या प्लॅनच्या तिसऱ्या दिवशी मनालीची बुलेट लेहला उभी करून दुसरी भाड्याने घ्यावी लागणार होती, दोन्हीचं भाडं चालू.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर श्रीनगरकडून गेले असते. श्रीनगर १६०० च्या आसपास, पहिली रात्र सोनमर्गला २७०० वर, दुसरी कारगिलला, ते पण २७०० च्या आसपासच, म्हणजे मधे झोजी ला ३५२८ चा ओलांडलात तरी झोपायला तेवढ्याच उंचीवर. तिसऱ्या दिवशी नमिका ला, मग फोटू ला जो ह्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच, ४१०८, मग लामायुरू, तिथे गोम्पा म्हणजे बौद्ध मठ बघा, चहा प्या, घाई करू नका, आणि संध्याकाळी लेह ३५०० वर. उडी थोडी मोठी आहे पण तोपर्यंत अंगाला दोन रात्रींची सवय झालेली असते. लेहला दुसरा दिवस पूर्ण आराम. आराम म्हणजे बाजारात हळू चालणं, शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढून रील काढणं नाही. मग लेहची बाईक घेऊन खारदुंग ला आणि पलीकडे नुब्रात दिस्कित किंवा हुंदरला मुक्काम, आणि इथे एक छान गोष्ट आहे जी लोकांना माहीत नसते, हुंदर लेहपेक्षा खाली आहे, ३१०० च्या आसपास. पास एवढा उंच पण झोपायला खाली, म्हणजे सरचूच्या बरोब्बर उलट. दुसऱ्या दिवशी परत लेह, मग कारगिल, मग श्रीनगर. आरामाचा धरून आठ दिवस. पँगाँग गेलं ह्यात. जाऊ द्या हो, तळं कुठे पळून चाललंय. श्योक नदीच्या रस्त्याने नुब्रा ते पँगाँग हा दिवस तुमच्या प्लॅनमधला दुसरा सगळ्यात वाईट दिवस होता, वाटेत पाणी, दगड, आणि रात्री परत ४२०० च्या वर झोपायचं.

मनाली रस्ताच पाहिजे असा हट्ट असेल, आणि रस्ता सुंदर आहे हे मी नाकारत नाही, मोरे मैदानातून गाडी चालवताना मला रडू आलं होतं, तर लेहहून मनालीकडे उतरा. सवय झालेलं शरीर घेऊन तो रस्ता केला तर सरचूची रात्र फार जड जात नाही. त्यासाठी गाडी एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडावी लागते, काही जण जास्तीचे पैसे घेऊन तशी देतात, आधी फोनवर ठरवून घ्या. आणि मग मनालीच्या बाजूचा तांदीचा पेट्रोल पंप लक्षात ठेवा, तिथे वर्षानुवर्षं बोर्ड होता की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, लोक त्याच्यासमोर फोटो काढायचे आणि टाकी अर्धीच भरून निघायचे. तुम्ही उलटे येणार म्हणजे लेहजवळ कारूला फुल करायची आणि वर पाच लिटरचा कॅन. श्रीनगर रस्त्याला कॅनची गरज नाही, कारगिलला पंप आहे, लेहला आहेत, दिस्कितला पण आहे.

आणि जमलं तर ऑगस्ट सोडून सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. ऑगस्टमधे मनालीच्या बाजूला दरडी आणि वर बर्फ वितळून नाले फुगलेले. नाल्याचा नियम एकच, सकाळी लवकर ओलांडायचा. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येतं. आधी उतरून बघा, दुसरी गाडी कुठून जातीये ते बघा, मग फर्स्ट गिअर, थ्रॉटल एकसारखा, मधे क्लच दाबायचा नाही, नजर पाण्यात नाही तर समोरच्या काठावर. पडलात तर गाडी सोडून द्या, गाडी भाड्याची आहे, पाय तुमचा आहे. सुके मोजे टँक बॅगमधे सगळ्यात वर, चार जोड. मला ह्यावर चार पानं लिहिता येतील, मोज्यांवर, पण असो.

बीपीचं. मी डॉक्टर नाही म्हणून एवढंच सांगते की निघायच्या महिनाभर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि ‘मनालीला चाललोय’ हे वाक्य तिथे वापरू नका. खारदुंग लाला ५३५९ मीटरवर जाणार, ३५०० वर झोपणार, असं आकड्यात सांगा. उंचीवर पहिले काही दिवस बीपी एरवीपेक्षा वर जातं, त्यामुळे घरची गोळी बंद करायची नाही, स्वतःच्या मनाने वाढवायची पण नाही, आणि बीपीचं छोटं मशीन बरोबर ठेवा. डायमॉक्स, म्हणजे उंची लागू नये म्हणून घेतात ती गोळी, घ्यायची का हे त्यांनाच विचारा, बऱ्याच जणांना चढायच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम दोनदा अशी देतात, पण ती लघवी वाढवणारी गोळी आहे आणि बीपीच्या काही गोळ्या पण तशाच असतात, शिवाय सल्फाची ॲलर्जी असेल तर वेगळाच विचार करावा लागतो, त्यामुळे मित्राच्या पाकिटातली घ्यायची नाही. हाताची बोटं झिणझिणतात त्याने, घाबरू नका. कापराची पुडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं बास. ऑक्सिजनचे ते हलके डबे चारदोन मिनिटं पुरतात आणि ‘आता बरं वाटतंय, चला अजून वर’ असं डोक्यात भरवतात, हा त्यांचा खरा तोटा. दारू नाही, झोपेची गोळी तर नाहीच. डोकेदुखीला साधी गोळी चालते, पण गोळीने डोकं थांबलं म्हणून त्या दिवशी वर चढायचं नाही.

काय झालं तर काय करायचं हे चौघांनाही पाठ पाहिजे. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाहीये, म्हणजे आज इथेच थांबायचं. चालताना झोक जातोय, बोलणं बरळल्यासारखं, किंवा माझ्यासारखा ग्लव्हचा घोळ, म्हणजे मेंदूवर सूज. बसल्या जागी धाप लागतीये, खोकला थांबत नाही, छातीत घरघर, म्हणजे फुप्फुसात पाणी. ह्या दोन्हीत सकाळची वाट बघायची नाही, रात्री तर रात्री, लगेच खाली, आणि त्या माणसाने स्वतः बाईक चालवायची नाही. लेहला सोनम नोरबू मेमोरियल हे सरकारी हॉस्पिटल आहे, त्यांच्यासाठी हे पेशंट रोजचेच.

खारदुंग लाबद्दल एक गंमत सांगून टाकते. तिथल्या बोर्डावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं आणि जगातला सगळ्यात उंच रस्ता वगैरे. नीट मोजलं तर भरतो ५३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. सगळ्यात उंच तो तसाही नव्हता, आणि सीमा सडक संघटनेने उमलिंग लाचा रस्ता ५७९८ मीटरवरून नेल्यावर तर प्रश्नच उरला नाही. पण लोक अजून बोर्डाला मिठी मारतात. तुम्ही पण मारा, फक्त पंधरावीस मिनिटांत आवरा, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. गाडीचं इंजिनसुद्धा साधारण चाळीस टक्के दम कमी पडून कुरकुरत असतं, ती ओढत नाही म्हणून थ्रॉटल पिळत बसू नका, एक गिअर खाली घ्या. उतरताना पण गिअरमधेच, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून बसतात. आणि मराठीत आपण ‘खारदुंग ला पास’ म्हणतो ना, ‘ला’ म्हणजेच खिंड, म्हणजे आपण ‘खारदुंग खिंड खिंड’ म्हणतोय.

आता तुमचा खरा प्रश्न, ग्रुपला सांगायचं कसं. मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही, भांडलात तर लीडरना माघार घेता येणार नाही, पुरुषांच्या ग्रुपमधे हे फार असतं, राग मानू नका. ‘मला भीती वाटते’ असंही लिहू नका, ते खरं असलं तरी त्यावर परत इमोजी येतील. तुमच्याकडे दोन मुद्दे असे आहेत ज्यात कोणाचीच मर्दानगी आड येत नाही, एक म्हणजे मनालीची गाडी नुब्राला चालत नाही आणि दुसरा सरचूहून खाली उतरता येत नाही. लीडरना आधी एकट्याला फोन करा, ग्रुपवर नको. त्यांना ‘तुझा प्लॅन चुकला’ म्हणू नका, ‘हे युनियनचं कळलं, आता रूट तूच बसव’ असं म्हणा. बघा कसे आठवड्याभरात श्रीनगरचा रूट स्वतःच्या नावावर खपवतात, खपवू द्या.

आणि एक नियम निघायच्या आधीच ठरवून घ्या. रोज रात्री जेवताना चौघांनी आपापलं डोकं किती दुखतंय ते शून्य ते दहात सांगायचं. सगळ्यांनी, रोज, नाही दुखत तरी शून्य सांगायचं. त्यामुळे काय होतं की कोणाला ‘कबूल’ करावं लागत नाही, नुसता आकडा सांगायचा असतो. पाचच्या वर आकडा गेला की उद्या कोणीच वर चढणार नाही, चर्चा नाही, बुकिंगचे पैसे गेले तर चौघांत वाटून घ्यायचे. हे पैशाचं आत्ताच ठरवा, तिथे नाही. आणि पहिल्या रात्री पहिला आकडा तुम्हीच सांगा, शून्य नसेल तर शून्य सांगू नका.

वहिनींना सगळं सांगा. सगळं म्हणजे कुठल्या रात्री कुठे झोपणार ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि हेही सांगा की मधे दिवसदिवस फोन लागणार नाही म्हणजे काही झालंय असं नाही. तुमचं सिम प्रीपेड असेल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड काश्मीर आणि लडाखमधे चालत नाही, पोस्टपेड करून घ्या, चौघांनी मिळून वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा. वहिनी चिडतील. बीपी आणि बुलेट एका वाक्यात ऐकल्यावर कोणीही चिडेल. पण डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या, अर्धी चिडचिड तिथेच उतरते. आणि इन्शुरन्सचे कागद कुठे आहेत ते पण दाखवून ठेवा, त्यावर विनोद करू नका.

लीडरना फोन कधी करताय? रविवारी सकाळी करा, चहा झाल्यावर. आणि सप्टेंबरमधे हुंदरला पोचलात की मला कळवा, आकडा किती होता ते.